निळा वाटा

मधमाश्यांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून
पंचफुला आत्या दोन वस्तू घेऊन आली :
एक जाळीची टोपी, जी पुढे कोंबडीच्या पिलांवर पालथी पडली,
आणि एक कागदी पुडी. पुडीवर पेनाने लिहिलेलं : बोरेज.

बोरखेडीत बोरेज.
शेजारचा झिंगरू कुंपणावरून विचारून गेला,
"बोरं कधी लागतीन, बाई?"
बी काळं, सुरकुतलेलं, उंदराच्या लेंडीहून जरा बरं.
कोजागिरीनंतर तिनं ते न्हाणीच्या सांडपाण्यावर टोचलं,
वांगी आणि सांबार यांच्या मधल्या हातभर जागेत.

पानं आली ती केसाळ,
दाढी वाढलेल्या गालासारखी.
बकरीनं हुंगलं, शिंकली, निघून गेली.
"बकरीले काय समजते," आत्या म्हणाली,
"तिनं तं परवा मतदारयादी खाल्ली."
बेसनात बुडवून पानं तेलात सोडली.
लव तेलात मरते, मागे उरते काकडी.
हो, काकडी. ऐन पौषात, वेलाचा पत्ता नसताना
दाताखाली कोवळ्या काकडीचा वास.

मग फुलं.
कळी गुलाबी, उमलली की निळी,
पाच पाकळ्या, मधोमध काळी चोच,
आणि एकूण एक फुलाची मान खाली.
माश्यांना त्याचं काही नाही,
त्या खालून येतात, उलट्या लटकून पितात.
आत्या मात्र कमरेवर हात ठेवून
बराच वेळ उभी.
"निळं असून मान खाली?"
एवढंच बोलली.

आमच्या घरात निळा कुठे कुठे आहे, मला पाठ आहे.
भिंतीवर. विहारावरच्या झेंड्यात.
काकाच्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्याला दिलेल्या निळीत,
ती जास्त झाली तरी चौदा तारखेला
तो तोच घालून निघायचा.
ताटात नव्हता.
ताटात तिखटाचा लाल, वरणाचा पिवळा,
जवसाच्या चटणीचा मातकट,
अंबाडीचा तो हिरवा, जो शिजला की हिरवा राहत नाही.
निळं आपण कधी खाल्लंच नाही, मी म्हटलं.
"वाढलं कोणी?"

मंगळवारच्या बाजारात
चिवळ आणि पाथरीच्या वाट्यांशेजारी
तिनं पळसाच्या पानावर निळा वाटा मांडला.
पाच रुपये.
लोक थांबत, वाकत, हात मात्र मागे.
"पूजेचं हाय का?"
"खायाचं."
"इख तं नसन?"
तिनं एक फूल तोंडात टाकलं, चावलं,
आणि डॉक्टरला दाखवावी तशी जीभ काढून दाखवली.
एकच वाटा गेला. सातवीतल्या एका पोरीनं घेतला,
तोही वहीत दाबायला.

उरलेली घरी आणली, चिमलेली.
रात्री आत्यानं परातीत पाणी घेतलं,
केसाळ देठ खुडून एकेक फूल त्यात सोडलं.
देठ सुटलं की फूल पाण्यावर कसं पडतं
ते तेव्हा पाहिलं :
तोंड वर करून.
सगळीच. चोच आढ्याकडे, पाकळ्या ताठ.
आत्या काही म्हणाली नाही. बल्ब जरा खाली ओढला.

ज्वारीच्या कण्या, वर जवसाचं तेल, त्यावर निळं.
सम्यकनं आपल्या ताटलीत लिंबू पिळलं आणि ओरडला :
फूल गुलाबी झालं होतं.
"बिघडलं माझं!"
आत्यानं वाकून पाहिलं.
"कळीत गेलं वापस. खाऊन टाक."
कण्यांना मीठ कमी होतं. मी सांगितलं.
ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

तेवढ्यात कुंपणाशी खोकला.
"लागली का मंग बोरं?"
आत्या उठली, स्वतःची ताटली तशीच
कुंपणावरून पलीकडे दिली.
झिंगरूनं उजेडात धरून पाहिली,
मग आधी टोपी काढली,
की डोकं खाजवलं, नीट दिसलं नाही.